पायाळू

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना या जगात माझे डोके आधी आले नाही, पाय आले. शहरात वाढलेल्या वाचकांना या शब्दाचे वजन कदाचित जाणवणार नाही. पण निपाणीच्या आसपासच्या तंबाखूच्या मुलखात, जिथे माझे बालपण गेले, तिथे पायाळू असणे हा जवळजवळ एक हुद्दाच होता. पायाळू माणसाला जमिनीत पुरलेले धन दिसते, पायाळू माणसावर वीज पडते, आणि पायाळू माणसाने पाय लावला की दुसऱ्याची उसण उतरते, अशी तीन कलमे त्या हुद्द्याला जोडलेली असत. धन मला कधी दिसले नाही. विजेच्या कलमापायी वळवाचा पाऊस सुरू झाला की आजी मला माजघरात बसवून ठेवी, बाकीची पोरे गारा वेचीत असताना. तिसरे कलम मात्र आठवड्यातून एकदा तरी अंमलात येई.

तंबाखूचे पीक माणसाला वाकवते. लावणीला वाकायचे, भांगलणीला वाकायचे, फुटवे काढायला वाकायचे. त्यामुळे गावात कुणाची ना कुणाची पाठ धरलेली असायचीच. मग दारात हाक येई, "पायाळू पोरगी हाय नव्हं घरात?" मी पाटीवरचा अभ्यास टाकून उठत असे. रोगी सोप्यात घोंगड्यावर पालथा पडे. आजी माझा हात धरून मला त्याच्या शेजारी उभी करी, आणि मी माझा डावा पाय त्याच्या कमरेवर तीनदा दाबून उचलीत असे. वडील माणसाला पाय लागला म्हणून लगेच त्याला वाकून नमस्कारही करावा लागे. एकाच माणसाला आधी लाथ आणि मग नमस्कार, याची त्या वयात मला फार मौज वाटे. मोबदला म्हणून ओंजळभर शेंगा, कधी गुळाचा खडा. आणि खरोखरच दोनतीन दिवसांनी तो माणूस रानात कामाला लागलेला दिसे. बहुतेक उसणी कुणी काही न करताही अशाच आपोआप उतरतात, हे मला पुढे कळले. तेव्हा मात्र माझ्या डाव्या पायाबद्दल मला स्वतःलाच आदर वाटत असे.

त्या पायाला यश आले नाही ते एकाच ठिकाणी, आणि तेही आमच्याच घरात.

माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण, डुलत चालायची. बदकासारखी, असे पोरे म्हणत. लग्न होऊन गेली होती, पण दोन वर्षांत परत आली. का आली हे आम्हांला कुणी सांगितले नाही, आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही. रानातले काम तिला होत नसे. सोप्याच्या कोपऱ्यात मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळीत बसे. पान कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा. हात इतके चपळ की डोळ्यांना दिसू नयेत. पण उठायची वेळ आली की भिंत धरून, ओठ दाबून, तीन हप्त्यांत उठे. कंबर दुखते म्हणे. घरातल्यांचे मत असे की बसून बसून अंग जड झाले आहे आणि कामाचा कंटाळा आहे. माझी आजी, जी शेजाऱ्याच्या बैलाच्या पायात काटा रुतला तरी हळहळायची, तीसुद्धा स्वतःच्या मुलीच्या दुखण्याविषयी बोलताना म्हणायची, "तिचं रोजचंच हाय."

एका दुपारी आत्याने मला गुपचूप बोलावले. म्हणाली, "माझ्यापण लाव गं पाय." ती पालथी झोपली. मी कमरेवर पाय ठेवला. "तिथं न्हाई बाळ, खाली," असे म्हणून ती कुशीवर वळली आणि अंगठा मागे व चार बोटे पुढे जांघेकडे, अशी हाताची कमान करून तिने आपला खुबा पकडून दाखवला. "हितं. आत." मी तीनदा पाय लावला. नंतर आठवडाभर लावला. तिला बरे वाटले नाही. मला वाटले, जवळच्या नात्यात ही विद्या चालत नसावी.

आत्या २००९ साली गेली. मी त्या वर्षी निपाणीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्गात होते. पुढे कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागले, बेंगळूरची नेमणूक झाली, लग्न झाले, आणि यजमानांची नोकरी व्हाइटफील्डला असल्यामुळे बिऱ्हाड इकडे, शहराच्या पूर्वेच्या टोकाला, झाले. निपाणीचे आमचे घर आता आप्पांनी पाडून नवे बांधले आहे. तो सोपा नाही, तो कोपराही नाही. पण मला जे सांगायचे आहे ते त्या कोपऱ्यापासूनच सुरू होते, म्हणून इतके लांबण लावले.

मुलीच्या जन्मानंतर वर्षभराने, एकोणतिसाव्या वर्षी, मला पहिली कळ आली. व्हाइटफील्डच्या इनर सर्कलच्या बागेला फेरी घालीत होते. ही वस्ती बसवली ती डी. एस. व्हाइट नावाच्या गृहस्थाच्या संस्थेने. अँग्लो-इंडियन कुटुंबांनी इथे शेती करून स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वोडेयार यांनी १८८२ साली सुमारे ३,९०० एकर जमीन दिली होती. शेती फारशी फळली नाही. पुढे ती निवृत्त मंडळींची शांत वसाहत झाली, आणि आता तिच्या चारी बाजूंना काचेचे मनोरे उभे आहेत. तरी मधली गोल बाग आणि भोवतीचा गोल रस्ता अजून आहेत. माझी तिसरी फेरी चालली होती. डाव्या जांघेत कुणीतरी सुई टोचून तशीच आत सोडून द्यावी, तसे झाले. मी कट्ट्यावर बसले. पाच मिनिटांनी उठले तर काही नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

यानंतरची चार वर्षे मी थोडक्यात सांगते, कारण ती सांगताना अजूनही राग येतो. एकाने कण्याचे चित्र काढून मणका सरकल्याचे सांगितले. दुसऱ्याने जीवनसत्त्वे दिली. तिसरीने बाळंतपणानंतर असे होतेच म्हणून समजूत घातली. चौथ्याने माझे वजन करून पाहिले आणि काट्याकडे बोट दाखवले. खुब्याचे चित्र काढावे असे कुणालाही सुचले नाही. कारण पस्तिशीच्या आतल्या बाईचा खुबा दुखतो हे कुणाच्या मनातच येत नाही. मी एकटीच अशी अभागी, असे मला वाटत असे. पुढे वाचनात आले की अमेरिकेत सेंट लुईसच्या शल्यतज्ज्ञांनी २०११ साली अशाच रुग्णांची हकीकत गोळा केली, तेव्हा पहिल्या दुखण्यापासून योग्य निदानापर्यंत सरासरी पाच वर्षे गेलेली आढळली, आणि निदानाआधी प्रत्येकाने सरासरी तीनहून अधिक तज्ज्ञांचे उंबरठे झिजवले होते. त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे हळूहळू, काही निमित्त न घडता सुरू झालेले होते आणि मुख्यतः जांघेत होते. तिकडच्या सुबत्तेत पाच वर्षे, मग माझी चार म्हणजे मी वेळेआधीच पोचले म्हणायचे!

अखेरीस व्हाइटफील्डमधल्याच एका अस्थिशल्यतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारले, "कुठे दुखते?" मी उत्तर देण्याऐवजी हाताची कमान केली, अंगठा मागे, बोटे पुढे, आणि खुबा पकडला. ते किंचित हसले. म्हणाले, "खुब्याच्या आतून ज्यांना दुखते, ते असाच हात ठेवतात. इंग्रजी 'सी' अक्षरासारखा." त्यांचे पुढचे बोलणे मला काही क्षण ऐकूच आले नाही. माझा हात माझा राहिला नव्हता. तो आत्याचा हात होता.

चित्र निघाले. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडाच्या वाटीत बसतो. माझी वाटी उथळ. तिचे वरचे छप्पर गोलाच्या बाहेरच्या भागापर्यंत पोचतच नाही. हे छप्पर किती पुढे आले आहे ते मोजण्यासाठी स्वीडनमधल्या विबर्ग यांनी १९३९ साली एक कोन सांगितला. तो सर्वसाधारणपणे पंचवीस अंशांच्या वर असावा, वीसच्या खाली गेला तर वाटी उथळ समजतात. या विकृतीला हिप डिस्प्लेझिया म्हणतात. डॉक्टरांनी मला प्रश्न विचारले: तुम्ही मुलगी, ते दिसतेच आहे, आईचे पहिले मूल का? हो. घरात आणखी कुणी लंगडत असे का? हो. जन्मताना पाय आधी आले होते का? मी म्हटले, "हो. मी पायाळू." हा शब्द मी मराठीतच उच्चारला, त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला. धोक्याच्या चारही रकान्यांत माझ्या नावापुढे बरोबरची खूण पडली. पोटात पाय वर दुमडून बसलेल्या मुलांत खुब्याची घडण बिघडण्याचा संभव इतरांपेक्षा बराच अधिक असतो म्हणे. ज्या पायांनी मी गावाच्या उसणी उतरवल्या, त्या पायांना जन्मताना हे देणे लागले होते, आणि गावाने त्यालाच सिद्धी समजून शेंगा दिल्या.

परंतु खरा घोटाळा पुढेच होता. माझा डावा कोन एकोणीस अंश. उजवा सोळा. म्हणजे उजवी वाटी अधिक वाईट; आणि उजवा खुबा आजवर एकदाही दुखलेला नाही.

कारकुनाच्या मनाला हे सोसत नाही. आकडा लहान असलेल्या बाजूला काही तक्रार नाही आणि मोठा असलेल्या बाजूला आरडाओरड, असा ताळेबंद आमच्याकडे आला तर आम्ही फाइल परत पाठवतो. मी डॉक्टरांना विचारले, "मग डावाच का दुखतो?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की कोन आणि वेदना यांचे नाते लोक समजतात तितके घट्ट नाही. कोनाने सांध्यावर भार किती अन्यायाने पडतो ते कळते. दुखणे मात्र कुठून येते, किती येते आणि केव्हा येते, याची कारणे अनेक आणि ती एकमेकांत गुंतलेली.

वाटीच्या कडेला ओठासारखी एक मऊ पट्टी असते. छप्पर अपुरे असल्यामुळे जो भार हाडाने घ्यायचा तो ही पट्टी घेते, आणि वर्षानुवर्षे घेऊन घेऊन फाटते. माझी डावी फाटली होती. वळताना जी चमक निघे ती तिची. उजवी अजून शाबूत होती. चालताना दर पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो, हेही मला नवे होते. चौथ्या डॉक्टरांचे काट्याकडे बोट दाखवणे अगदीच निराधार नव्हते, हे मी नाइलाजाने येथे नमूद करते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. ही मला फार पटली, कारण आमच्या कार्यालयात ती रोज घडते. एखादे पद रिक्त राहिले की त्याचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या टेबलावर येतो. काम निभते, पण तो शेजारी रोज संध्याकाळी उशिरा घरी जातो आणि वर्षभराने आजारी पडतो. हाडाने गोल धरून ठेवायचा. ते धरीत नाही, म्हणून खुब्याभोवतीचे स्नायू धरून ठेवतात. डेन्मार्कमध्ये अशा शंभर रुग्णांना तपासले, त्याचा अहवाल २०१८ साली आला. निम्म्याहून अधिक जणांना मांडी पोटाकडे उचलणाऱ्या स्नायूंत दुखत होते, आणि शंभरातल्या बेचाळीस जणांना खुब्याच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूंत. म्हणजे दुखते ते सगळे सांध्यातच दुखते असे नाही. पुष्कळसे दुखते ते सांध्याला सांभाळणाऱ्यांचे.

येथे मला आत्याचे शब्द उपयोगी पडले. दवाखान्यात विचारतात: शून्य ते दहा, किती? मी कधी पाच म्हणे, कधी सहा, आणि प्रत्येक वेळी खोटे बोलल्यासारखे वाटे. व्यायाम शिकवणारी मुलगी केरळची होती, स्वभावाने मायाळू. तिला मी एकदा सांगितले की आमच्या भाषेत दुखणे एक नसते. कळ येते ती आतून, खोल, आणि जाते. चमक निघते ती विजेसारखी, वळताना. रग लागते ती स्नायूला, फार वेळ उभे राहिल्यावर. ठणका लागतो तो रात्री, सगळे निजल्यावर. अंग अवघडते ते बसून. ही सारी नावे मी सोप्याच्या त्या कोपऱ्यात ऐकलेली. आत्याला पंचांगातले काही कळत नसे, पण आजची कळ आणि कालची चमक यांत ती कधी घोळ करीत नसे. त्या मुलीने आपल्या वहीत मल्याळी अक्षरांत हे शब्द लिहून घेतले आणि विचार करून म्हणाली, रग कमी करणे माझ्या हातात आहे, ठणका बराचसा तुमच्या, आणि चमक डॉक्टरांच्या. आजवर माझ्या दुखण्याबद्दल कुणी इतके शहाणे वाक्य बोलले नव्हते. तिच्या व्यायामांनी तीन महिन्यांत रग खरोखरच निम्म्यावर आली.

ठणका 'तुमच्या हातात' म्हणजे काय, यावर मात्र आमचे वाजले. तिने सांगितले ते डॉक्टरांनीही पूर्वी सूचित केले होते: झोप, काळजी, भीती यांनी वेदना वाढते. मला ते अपमानास्पद वाटले. कार्यालयात एक सहकारी मी जिना टाळून उद्वाहकाने जाते हे पाहून म्हणाले होते, "मॅडम, तुमचे तर बसूनच काम. सारे मनाचे खेळ असतात." आता विज्ञानही तेच म्हणू लागले की काय? आत्याला घरातले जे म्हणत, तेच सुशिक्षित भाषेत?

तेव्हा मी आमच्या धंद्याला शोभेल असा उपाय केला. एक नोंदवही घातली. जुलै ते ऑक्टोबर, रोज रात्री नोंद. रकाने: झोपेचे तास, उभे राहण्याचा वेळ, जिने, बसण्याचा वेळ, पाऊस, पाळी, कार्यालयातला ताण, घरातला ताण, आणि शेवटी दुखणे, प्रकारवार. मन फसवील, नोंदवही फसवणार नाही असे मला वाटत होते.

पावसाचा रकाना पहिल्याच महिन्यात निरुपयोगी ठरला. ढग भरून आले की सांधे बोलतात, असे आपण सगळेच मानतो. माझे बोलले नाहीत, आणि बाहेर या विषयावर ज्या पाहण्या झाल्या त्यांच्यातही एकवाक्यता नाही. उभे राहण्याचा रकाना मात्र रगेशी हातात हात घालून चाले. सकाळी काडुगोडीला, शेवटच्या स्थानकावर, मेट्रोत चढते म्हणून बसायला मिळते. विधानसौधापर्यंत सुखाने जाते. संध्याकाळी परत येताना उभे राहावे लागते, आणि तास सव्वातासाचे ते उभे राहणे दिवसभराच्या चालण्याहून महाग पडते. मार्च २०२३ मध्ये इकडची मेट्रो कृष्णराजपुरापर्यंत सुरू झाली, आणि ऑक्टोबरात थेट शहराला जोडली गेली. त्याआधीच्या बसच्या प्रवासाची नोंदवही मी ठेवली नाही हे बरेच झाले. खाली मांडी घालून बसले की चमक निघे. हे झाले शरीराचे हिशेब, ते जुळले.

जुळू नयेत अशी इच्छा असलेले रकानेही जुळले. पाच तासांहून कमी झोप झाली की दुसऱ्या रात्री ठणका ठरलेला, त्या दिवशी कितीही थोडे चालले असले तरी. सप्टेंबरात आप्पा हृदयाच्या तक्रारीने कोल्हापूरला दवाखान्यात होते. मी तिथे चार दिवस नुसती खुर्चीवर बसून होते. पाऊलसुद्धा टाकले नाही म्हटले तरी चालेल. त्या चार दिवसांचे रकाने सगळ्या वहीत सर्वांत काळे आहेत. ते घरी आले त्या दिवशी मी दिवसभर स्वयंपाकघरात उभी होते आणि रात्री गाढ झोपले.

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले, पराभूत होऊन. म्हटले, "म्हणजे हे मनाचेच." ते म्हणाले, "तुमची पट्टी फाटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती मनाने फाटली नाही." मग त्यांनी समजावले. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली एक कल्पना मांडली: जखमेकडून निघालेला निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या एका दारातून जातो, ते दार कमीजास्त उघडते, आणि मेंदूही वरून त्या दाराला हात लावू शकतो. पुढे तपशील पुष्कळ बदलले. पण निरोप आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी, हे टिकले. जागरणाने आणि भीतीने दार सताड उघडे राहते. निरोप खोटा नसतो. वर्षानुवर्षे कुणी विश्वास ठेवला नाही म्हणजे तर तेही एक कारणच होऊन बसते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याबरोबर एक टीप जोडली आहे: एखादी व्यक्ती दुखते असे सांगते, तर त्या सांगण्याचा मान राखावा. असे लेखी कलम आमच्या सोप्यात कुणी वाचून दाखवले असते तर काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही. उथळ वाटी, दिवसभर मांडीवर सूप, परत आलेली मुलगी, आणि "तिचं रोजचंच हाय." माझ्या नोंदवहीत जितके रकाने होते ते सगळे आत्याच्या वाट्याला एकाच वेळी आलेले होते.

माझ्या मुलीचे चित्रही त्याच वर्षी काढले. ती तेव्हा पाच वर्षांची होती. आईला असेल तर मुलीला असण्याचा संभव वाढतो, हे कळल्यावर चित्र हाती येईपर्यंतची दोन तासांची वाट मी कशी पाहिली ते सांगवत नाही. तिचे दोन्ही खुबे उत्तम निघाले. ती जन्मली डोक्याकडून. आणि तान्हेपणी सासूबाईंनी तिला जी कडेवर घेतली ती चालू लागेपर्यंत खाली ठेवलीच नाही. मला तेव्हा हा लाड वाटे. कडेवर बसलेल्या मुलाच्या मांड्या फाकलेल्या राहतात आणि गोल वाटीत नीट बसतो. उलट पाय सरळ करून घट्ट गुंडाळलेल्या मुलांना धोका. जपानात १९७५ च्या सुमारास तान्ह्या मुलांचे पाय ताणून गुंडाळू नयेत म्हणून देशभर मोहीम काढली, आणि खुबा निखळलेल्या मुलांची संख्या कितीतरी पटींनी घटली. मला जन्मल्यावर, आजी अभिमानाने सांगे त्याप्रमाणे, 'पाय वाकडे राहू नयेत' म्हणून ओढून, सरळ करून, दुपट्यात करकचून बांधत असत. पायाळूचे पाय, त्यांची विशेष काळजी घ्यायला नको? आता आपल्याकडच्या बालअस्थितज्ज्ञांनीही २०२१ साली अशी वाट आखून दिली आहे की जन्मल्यावर आणि पुढे लशीच्या फेऱ्यांना मुलाचे खुबे तपासावेत. लस टोचणाऱ्या हातांनी दोन मांड्या फाकवून पाहायच्या. फारसा खर्च नाही.

राहिली शस्त्रक्रिया. वाटीभोवतीचे हाड कापून, वाटी तशीच फिरवून गोलावर आणायची आणि स्क्रूंनी पक्की करायची. स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे गान्झ यांनी ती १९८४ मध्ये प्रथम केली. त्यांच्या पहिल्या पंचाहत्तर खुब्यांपैकी ज्यांचा पुढे माग ठेवता आला, त्यांतले साठ टक्के वीस वर्षांनंतरही रुग्णाचे स्वतःचेच होते. बाकीचे बहुतेक कृत्रिम सांध्यापर्यंत गेले. वय, आधीचे दुखणे, लंगडणे आणि झीज जितकी अधिक, तितके यश कमी. मी छत्तिसावे ओलांडले आहे. डॉक्टर म्हणाले, थांबण्याने काही मिळणार नाही. ठणका पूर्ण जाईल का, असे विचारले तर म्हणाले, चमक जाईल असे मी धीराने सांगतो. ठणक्याबद्दल तुमची वही अधिक जाणते.

काठी धरू लागले आहे. दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध, म्हणजे उजव्या हातात. मेट्रोत रोज कुणी तरी सज्जन मला ती चुकीच्या हातात आहे असे सांगतो. रजेचा अर्ज मागच्या सोमवारी दिला, बारा आठवड्यांचा, एप्रिलपासून. फेब्रुवारीतलीच तारीख मिळत होती, पण मार्चअखेरीचा हिशेब टाकून जाणे मला जमले नाही. यजमान यावर दोन दिवस बोलले नाहीत. अर्जात कारणाच्या जागी मी 'डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया' असे स्पष्ट लिहिले. मनाचे खेळ म्हणणाऱ्या त्याच सहकाऱ्यांच्या टेबलावरून तो पुढे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि संध्याकाळी मला लिफ्टपर्यंत सोडायला आले.

काल सकाळी मुलगी पोट धरून बसली. शाळेत गणिताची परीक्षा होती. मी तिला पायाळूच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत, त्या मी सांगायला नको होत्या; कारण ती जमिनीवर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, पाय लाव ना." मी म्हटले, "अगं, ते पाठीसाठी असते. आणि पोटात दुखते ते परीक्षेमुळे." ती म्हणाली, "मग काय झाले? दुखतेय ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ती पालथी वळली. मी भिंतीला हात टेकला, उजव्या पायावर उभी राहिले, त्या सोळा अंशांच्या पायावर, आणि डावा पाय तिच्या पाठीवर तीनदा हलकेच ठेवला. तिने उठून, रिवाजाप्रमाणे मी तिला नमस्कार करावा म्हणून वाट पाहिली. मी वाकून केला. तेवढ्यात खाली शाळेची बस वाजली, आणि ती दप्तर एका खांद्यावर टाकून जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उड्या मारीत खाली पळाली.